सोमवार-गुरुवारच्या ताटात काजू, अक्रोड, बदाम

आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार पाळतात. त्यात संकष्टी, एकादशी आणि श्रावण धरला की वर्षातले बरेच दिवस मासळी-मटणाशिवाय जातात. कुडाळ-सावंतवाडीकडच्या कितीतरी मासेखाऊ घरांत हेच असतं. लग्न होऊन डोंबिवलीला आले तरी माझ्या स्वयंपाकघराचं हे वेळापत्रक बदललं नाही. या दिवसांत खरी अडचण येते ती चावण्याची. ज्याला रोज रश्श्यात दाताखाली काहीतरी लागतं, त्याच्यापुढे डाळ-भात कितीही चांगला वाढा, तो निमूट जेवतो आणि तासाभराने फडताळातले डबे उघडून बघायला लागतो. कोकणातल्या बायकांनी यावर फार पूर्वीच तोडगा काढून ठेवला आहे: काजूगर.

हॉटेलात काजू दोनच रूपांत भेटतो. एक तर टोमॅटोच्या ग्रेव्हीत वाटून घातलेला, नाहीतर पुलावावर तळून पेरलेला. दोन्हीकडे तो पाहुणा. माझं म्हणणं असं की काजूला मटणाचा मान द्यावा. मटणाला जे वाटप (भाजून वाटलेलं कांदा-खोबरं), जो मसाला, जेवढा निवांतपणा, तेवढं सगळं त्याला द्यावं आणि तो अख्खा ठेवावा. माझी आत्ये उसळ ढवळणाऱ्याच्या मागे उभी राहून सांगते, "गर अख्खो दिसाक व्हयो." वाटायचे काजू वेगळे, ते बरणीत भरायच्या प्रकारांसाठी. त्यांच्याकडेही खाली येतेच.

बाजारातून काय आणायचं

दुकानातल्या काजूच्या पाकिटावर डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, अंदाजे तितके गर बसतात असा त्याचा अर्थ. आकडा लहान तेवढा काजू मोठा. १८० नंबरचा काजू दिवाळीच्या डब्यात शोभतो, कढईत त्याचा काही उपयोग नाही. शिजवायला ३२० उत्तम. पाकळी म्हणजे दुभंगलेला काजू भाजीत चालतो, फक्त लवकर शिजतो. तुकडा आणि कणी वाटणासाठी. चव तीच, भाव बराच कमी. अख्खा काजू आणून मिक्सरमध्ये घालू नका.

एक गोष्ट माहीत असावी. दुकानात ‘कच्चे’ म्हणून मिळणारे काजूसुद्धा पूर्ण कच्चे नसतात. टरफलात जहाल तेल असतं, ते कातडी भाजून काढतं, म्हणून बी फोडण्याआधी ती वाफवतात किंवा भाजतात. मग वाळवतात. त्यामुळे सुक्या काजूला कितीही भिजवलं तरी ओल्या गराची, म्हणजे हिरव्या बीतून काढलेल्या ताज्या काजूची चव येत नाही. दोघांची भाजी वेगळी समजून करावी, म्हणजे दोन्ही आवडतात.

अक्रोड काश्मीरचे घ्यावेत आणि शक्यतो नव्या हंगामाचे. तिकडे ते पावसाळ्याच्या शेवटी झोडपून उतरवतात, त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला नवा माल येऊ लागतो. सोललेला अक्रोड घेताना एक दाणा मोडून हुंगा. ऑइलपेंटसारखा वास आला तर तो खवट झालेला आहे, कुठल्याही मसाल्याने तो वास लपत नाही. बदाम साधे चालतात. मामरा बदाम महाग पडतो, तो तसाच खायला ठेवावा.

शेंगदाणा मी यात धरलेला नाही. तो जमिनीखाली येणारा, कडधान्यांच्या कुळातला. त्याच्या आमट्या-चटण्या आपल्याला सगळ्यांनाच येतात.

आणि पाहुण्यांना आधी विचारा. काही जणांना काजू-अक्रोडाची ॲलर्जी असते आणि ती थोडक्यात भागणारी नसते; ओठ सुजण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत जाते. ज्याला काजू सोसत नाही त्याला बहुधा पिस्ताही सोसत नाही, कारण दोघं एकाच कुळातले. बिबा आणि आंबाही त्याच कुळातले. वाटणात लपलेला काजू दिसत नाही, म्हणून वाढतानाच सांगावं.

ओल्या गरांची उसळ

साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा ओल्या गरांचा हंगाम. बी अजून हिरवी असते, टरफल लाकडासारखं झालेलं नसतं. ती विळीवर उभी चिरायची आणि टोकदार काडीने आतला गर उचकटून काढायचा. लिहायला एका ओळीचं काम, करायला जिवावरचं. चिरताना टरफलातला चीक हातावर येतो आणि कातडी काळी पडून सोलवटते. म्हणून हाताला खोबरेल चोळतात किंवा बिया राखेत घोळवून घेतात. कुडाळच्या बाजारात गर घेऊन बसलेल्या बाईची बोटं बघा. अंगठ्याची आणि तर्जनीची पेरं काळी, नखांच्या कडा उललेल्या, मधेच पांढरट सालपटं. ती शेकड्यावर गर मोजून देते, एकेक उचलून. तिच्याशी भाव करण्याआधी तिच्या हातांकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

घरी काढायचेच असतील तर रबरी हातमोजे घाला, अंगणात बसा आणि काम संपेपर्यंत डोळ्यांना हात लावू नका. विळी आधी तेलाच्या फडक्याने पुसून मग साबणाने धुवा. मुलांना जवळ बसवू नका. शहरात असाल तर सोललेले गर मागवा. दादर-गिरगावच्या बाजारात, कोकणातला माल ठेवणाऱ्या दुकानांत हंगामात मिळतात.

काजू मुळात ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि तिथून तो आमच्या कातळांवर असा रुजला की आता परका म्हणवत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ (१९८१) आणि वेंगुर्ला-७ (१९९७) या जाती आज बहुतेक बागांत दिसतात. सातची बी चांगली मोठी, सुमारे १० ग्रॅमची, तिचा गर भरीव. उसळीला मात्र मला गावठी झाडाचे लहान गर आवडतात, गोडी जास्त वाटते. मोठे गर असतील तर पाच मिनिटं जास्त शिजवा.

चार माणसांना शंभर गर घ्या. गरावर एक पातळ पापुद्रा असतो, तो तुरट लागतो. गर भांड्यात घालून वर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा. दहा मिनिटांनी एकेक गर चिमटीत धरून दाबलात की सुळकन बाहेर येतो. साल निघाल्यावर गर पिवळसर पांढरा आणि किंचित लवचीक असतो. लगेच करायचे नसतील तर पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा.

आता वाटप. उसळीचा सगळा जीव यात आहे, त्यामुळे घाई नको. लोखंडी कढईत चमचाभर तेलावर एक मोठा उभा चिरलेला कांदा टाका. कडा काळसर होईपर्यंत भाजा, मग वाटीभर ओलं खोबरं घाला. आच मंद. आधी खोबऱ्यातलं पाणी उडतं आणि वाफ येते, तोपर्यंत वास गोडसर असतो. मग वाफ थांबते, खोबरं मोकळं होतं आणि वास बदलतो, खमंग होतो. इथून पुढे कढईपाशीच राहा. विटकरी रंगाला उतरवायचं. त्यापुढे गेलं की कडवट होतं. उतरवण्याच्या आधी मिनिटभर एक चमचा धणे, अर्धा चमचा बडीशेप, पाच-सहा मिरे, दोन लवंगा आणि चार लसूणपाकळ्या त्यातच परतून घ्या. गार झालं की अगदी थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. वाटप भरड राहिलं तर रस्सा आणि खोबरं वेगवेगळं दिसतं.

पातेल्यात दोन मोठे चमचे खोबरेल तापवा. बारीक चिरलेला कांदा गुलाबी करा, हळद आणि दोन चमचे मालवणी मसाला घाला. मसाला तेलात पाच-सहा सेकंदच; लगेच गर टाका आणि हलक्या हाताने परता. गर बुडतील इतकं गरम पाणी घाला, मीठ घाला, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं शिजवा. एक गर काढून दाबून बघा. सहज दुभंगला पाहिजे, पण पिठूळ होता कामा नये. तसा झाला की वाटप घालून रस्सा हवा तेवढा पातळ करा. एक उकळी आली की चार आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. आमसुलं आधी घालू नका, आंबट पडलं की गर शिजायला आढेवेढे घेतात. पाच मिनिटं आणखी, मग आच बंद. झाकून अर्धा तास ठेवा. रस्सा गरात मुरायला हा वेळ लागतोच.

काही जणी यात बटाट्याच्या फोडी घालतात. माणसं जास्त आणि गर कमी असतील तर घालाव्यात, उगाच घालू नयेत. कांदा-लसूण चालत नसेल त्या दिवशी फोडणीत हिंग वाढवा, वाटपात नुसतं खोबरं, धणे, बडीशेप आणि मिरे भाजा. ती उसळ फिकी होईल असं वाटतं, पण काजूची मूळ गोडी तिच्यातच जास्त कळते. बरोबर वडे असले तर सणच, रोजच्याला तांदळाची भाकरी किंवा घावणे.

गोव्यात आणि खाली कारवार-मंगळूरकडे ओले गर असेच जिव्हाळ्याने खातात. मंगळूरच्या सारस्वतांकडे तोंडली आणि काजूगरांची उपकरी असते: खोबरेलाची मोहरीची फोडणी, सुकी मिरची, उभी चिरलेली तोंडली, गर, मीठ आणि शेवटी ओलं खोबरं. मसाला नाही, वाटण नाही. पंधरा-वीस मिनिटांत होते आणि डब्यात नेता येते.

सुक्या काजूची, वर्षभर चालणारी

ओले गर तीनच महिने. एरवी दुकानातले काजू. चौघांना २०० ग्रॅम घ्या, म्हणजे दीड वाटी. गरम पाण्यात चिमूटभर मीठ घालून चार तास भिजवा. रात्रभरही चालतं, पण उन्हाळ्यात फ्रीजमध्ये, नाहीतर पाणी आंबतं. भिजवलेलं पाणी टाका. मग ताज्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि सुरीचं टोक सहज जातं का बघा. कुकर लावू नका. एका शिट्टीत निम्मे काजू फुटतात आणि मग ते खाली बसून करपतात, कारण काजूत पिठूळपणा, म्हणजे स्टार्च, बऱ्यापैकी असतो. बदाम-अक्रोडात तो नगण्य. काजूचं वाटण घातलेली ग्रेव्ही गरम होताच दाट होते आणि तळाला धरते, ती यामुळेच. बदामाच्या वाटणाने तसा दाटपणा येत नाही.

पुढची कृती उसळीचीच, फक्त वाटप निम्मं. सुका काजू स्वतःच रश्श्याला अंग देतो. मी यात मूठभर मटार किंवा मोड आलेले मूग घालते. नुसत्या काजूने पोट जड होतं: १०० ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं असतात. माणशी ५० ग्रॅम काजूतून ९ ग्रॅम प्रथिनं मिळाली, उरलेली कडधान्याने भरून काढावीत. हा हिशेब ठेवला तर काजूची भाजी आठवड्यातून एकदा करायला काही हरकत नाही.

कुयरी आणि काजू

कोवळा फणस, आमच्याकडची कुयरी, आणि ओले गर एकाच सुमाराला येतात. दोघं एकत्र शिजवले की तार सुटलेला फणस आणि मऊ गर असं काही जमून येतं की मटण आठवत नाही. हाताला आणि सुरीला तेल लावून कुयरी सोला, मोठे तुकडे करून हळद-मिठाच्या पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या घ्या. गार झाल्यावर हातानेच कुसकरा, चिरू नका. खोबरेलात मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या, कढीपत्ता, मग आधी शिजवून घेतलेले गर आणि वर फणस. मीठ, गूळ, ओलं खोबरं. झाकण ठेवून दोन वाफा. तळाला किंचित लागून खरपूस झाली तर फार छान, तो खरपूस भाग घरात भांडून वाटला जातो.

अक्रोडाचा खिमा

हा प्रकार कोकणातला नाही, माझ्या मुलासाठी केलेला आहे. त्याला खिमा-पाव हवा असतो आणि वार सोमवार असतो.

१५० ग्रॅम अक्रोडाच्या गरावर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा. पाणी तांबूस होतं, सालीतला कडू-तुरटपणा त्यात उतरतो. ते फेकून द्या. अक्रोड फडक्यावर कोरडे करा आणि सुरीने चिरा, हरभऱ्याच्या डाळीएवढे. मिक्सरला लावले तर तेल सुटून गोळा होतो.

२०० ग्रॅम मश्रूम किंवा तेवढाच फ्लॉवर अगदी बारीक चिरा. कोरड्या लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर टाका, तेल नाही, मीठ नाही. मश्रूम आधी पाणी सोडतात, मग ते पाणी आटतं आणि तुकडे तव्याला चिकटायला लागतात. तिथपर्यंत न्या. ही पायरी गाळली तर खिम्याऐवजी भाजी होते. दुसऱ्या कढईत दोन बारीक कांदे लालसर परता, आलं-लसूण, एक टोमॅटो, हळद, तिखट, गरम मसाला, तेल सुटेपर्यंत. त्यात मश्रूम आणि अर्धी वाटी मटार, थोडं पाणी, दहा मिनिटं झाकण. अक्रोड सगळ्यात शेवटी, पाचच मिनिटं. अक्रोडात शंभरात पासष्ट भाग तेल असतं. जास्त शिजला की तेल सुटून मसाला जड होतो. वरून पुदिना, लिंबू, आणि पाव तुपावर शेकून. चौघांना पुरतो.

बरणीत भरायचे प्रकार

इथे मात्र वाटायचं, आणि इथे तुकडा-कणीचं चीज होतं.

काजूचं स्प्रेड घरी करायला काहीच लागत नाही, फक्त धीर लागतो. पाव किलो काजूतुकडा कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा, फिकट बदामी होईपर्यंत. ताटात पसरा आणि कोमट झाला की लगेच मिक्सरच्या लहान भांड्यात घाला. पूर्ण गार झाला तर तेल सुटायला वेळ लागतो. अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. आधी पूड होते. मग ती ओलसर होऊन कडेला चिकटते आणि पातं नुसतं पोकळीत फिरतं. इथे बऱ्याच जणी धीर सोडून पाणी घालतात. घालू नका! चमचाभर पाण्याने सगळा घट्ट गोळा होतो आणि चार दिवसांत बुरशी धरते. भांडं तापलं असेल तर दहा मिनिटं विश्रांती द्या, मोटरलाही बरं. पुन्हा फिरवलंत की गोळा ढिला पडतो, चकाकी येते आणि पळीवरून पट्टी पडायला लागते. फारच अडलं तर दोन चमचे शेंगदाणा तेल घाला. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं. पाव चमचा बारीक मीठ घालून शेवटचा फेरा.

यात गूळपूड आणि जायफळ घातलं तर मुलांच्या पोळीला. मला स्वतःला अर्धा चमचा मालवणी मसाला घातलेलं आवडतं. गरम भाकरीवर ते वितळतं तेव्हा दुसरं तोंडीलावणं लागत नाही.

बदामाचंही याच रीतीने होतं, पण बदाम कडक, दुप्पट वेळ घेतो. त्यात चार-पाच अक्रोड घातले की तेल लवकर सुटतं. नुसत्या अक्रोडाचं स्प्रेड दोन-तीन मिनिटांत होतं आणि कडवट लागतं, म्हणून ते मिसळीतच बरं.

दुसरा प्रकार भिजवलेल्या काजूचा. दह्या-चीजच्या जागी वापरता येतो, आणि दूध न चालणाऱ्यांना तर हवाच. वाटीभर काजू चार तास भिजवा, निथळा. त्यात एक मोठा चमचा आगळ (कोकमाचा खारवलेला रस), एक हिरवी मिरची, लसणाची एक बारीक पाकळी आणि तीन-चार चमचे पाणी घालून लोण्यासारखं वाटा. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून मीठ चाखूनच घाला. लिंबानेही होतं, पण आगळाने रंग गुलाबी येतो आणि आंबटपणा सौम्य राहतो. कोथिंबीर चिरून मिसळा. ब्रेड, घावणे, काकडीच्या चकत्या, कशाशीही चालतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे ठेवू नका. यात पाणी आहे.

अक्रोडाची सुकी चटणी सोलापुरी शेंगाचटणीच्या रीतीने करते. वाटीभर अक्रोड मंद भाजून हाताने चोळा, निघतील तेवढी सालं फुंकून काढा. आठ-दहा लसूणपाकळ्या, एक चमचा जिरं, दोन चमचे तिखट (त्यातलं निम्मं ब्याडगी, रंगासाठी) आणि मीठ खलबत्त्यात आधी कुटा, मग अक्रोड थोडे थोडे घालत जा. मिक्सरमध्ये चटणी चिरली जाते, खलबत्त्यात चेपली जाते, आणि तेल चेपल्यानेच बाहेर येतं. मुठीत दाबली की गोळा राहिला म्हणजे झाली. फ्रीजमध्ये पंधरा दिवस.

काश्मिरी घरांत अक्रोडाची ओली चटणी करतात, डून चेटिन. भिजवलेले अक्रोड, मिरची, मीठ आणि घट्ट दही. कुणी कांदा घालतं, कुणी पुदिना. तिकडे ती कबाबांशी खातात. मी ती थालीपिठाशी वाढते आणि खिम्याच्या दिवशी पावाला आतून लावते.

ठेवण आणि पावसाळ्याची बेगमी

काजू, बदाम, अक्रोड तिघांचेही दोन वैरी, दमट हवा आणि ऊन. अक्रोडातलं तेल सगळ्यात लवकर बिघडतं, म्हणून तो बंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवावा. काजू-बदाम घट्ट झाकणाच्या डब्यात, जून ते सप्टेंबर फ्रीजमध्ये. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, बाहेरच्या हवेशी जुळू द्या, नाहीतर आत दव धरतं. चमचा नेहमी कोरडा. स्प्रेडवर तेल तरंगलं तर ओतून देऊ नका, खालपर्यंत ढवळून घ्या. फ्रीजमध्ये महिनाभर उत्तम राहतं.

ओले गर श्रावणासाठी ठेवायचे दोन मार्ग आहेत. सोललेले गर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, निथळून, कोरडे करून पिशव्यांत भरा आणि फ्रीजरमध्ये टाका. एका उसळीला एक पिशवी. उसळ करताना वितळू न देता थेट पातेल्यात घालावेत. दुसरा मार्ग जुना, वाळवण्याचा. सालीसकट गर चार-पाच कडक उन्हं दाखवून खडखडीत करायचे, गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरायचे. करायच्या आदल्या रात्री त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा. सकाळी साल सुटलेली असते. हे गर ताज्यांपेक्षा उशिरा शिजतात, पाऊण तास मंद आचेवर लागतो, आणि पाणी मधेमधे गरमच घालायचं. वाटप तेच, आमसुलं शेवटी.